पाटीखालचं पीठ

१

आण्णांचा दिवस अंगठ्यानं सुरू व्हायचा. सकाळी सातला पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचं, उजव्या हाताचा अंगठा जिभेवर घासायचा आणि पेपरचं पान उलटायचं. मग तोच अंगठा पंख्याच्या बटणावर, तोच रिमोटवर, तोच दाराजवळच्या पाण्याच्या तांब्यावर. वाचून झालेला पेपर उदयसिंहांकडं जायचा. तेही आण्णांचेच चिरंजीव, तेही अंगठा चाटायचे. दुपारी सरूकाकी त्याच पेपरावर मेथी निवडायची आणि संध्याकाळी ती मेथी सगळ्यांच्या ताटात.

मंगळवार पेठेतल्या त्या दुमजली घरात ही साखळी एकट्या क्रांतीला दिसायची, आणि दिसली की तिचं डोकं फिरायचं.

क्रांती वीस वर्षांची. नऊ ऑगस्टला जन्मली म्हणून आण्णांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, हौसेनं नातीचं नाव क्रांती ठेवलं आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातून काढून तिला चुलीपुढं बसवलं. ‘परक्या बाप्यांची अंगं पुसाय आमच्यातली पोरगी जायची न्हाई’, संपला विषय. उदयसिंह तिचे वडील, पण म्हातारा बोलायला लागला की ते भिंतीकडं बघत. आई असती तर भांडली असती. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. घर चालवायची सरूकाकी, विधवा चुलती. ती आण्णांच्या शब्दाबाहेर नव्हती.

कॉलेज सोडताना क्रांतीनं दोन वस्तू ढापल्या होत्या. एक बरणीभर पावडर आणि एक जांभळ्या उजेडाची टॉर्च. हात धुवायला शिकवायच्या तासाला त्या वापरत. पावडर दिसायला तांदळाच्या पिठासारखी. ती एकाच्या तळहाताला लावायची, त्यानं वर्गात हिंडून यायचं, मग खिडक्या लावून टॉर्च मारायची. जिथं जिथं हात लागला तिथं हिरवट चमकायचं. जंतू दिसत नाहीत, पण त्यांची वाट दिसते.

आणि त्या वाटेच्या शेवटी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, तिच्या थोरल्या बहिणीचं, स्वप्नालीचं बाळ होतं. माहेरी आली होती बाळंतपणाला. पोर आठव्या महिन्यातच झालं, एक किलो नऊशे ग्रॅम भरलं. घरी सोडताना डॉक्टर स्पष्ट बोलले होते, “याला साधी सर्दीही सोसायची नाही. आल्यागेल्याला दाखवू नका. जो हात लावेल त्यानं धुऊन लावायचा.”

धुऊन हात लावणारे घरात दोघीच. बाळाची आई आणि क्रांती.

२

बयाआत्ती आण्णांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, बालविधवा, सगळा जन्म भावाच्या घरात म्हशींच्या धारा काढण्यात गेलेला. एका म्हशीनं कधीतरी लाथ मारून तिची उजवी करंगळी मोडली होती, ती बाहेरच्या बाजूला वाकडीच राहिली. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडात तिचा हात गेलेला. महिन्याच्या आत घरातल्या थोरल्या बाईनं पोराच्या तोंडात अंगठा घालून टाळा उचलायचा, म्हणजे टाळू दाबून वर सारायची, अशी त्यांच्यात रीत. उदयसिंहांचा तिनंच उचलला, दोघी बहिणींचाही.

या बाळाचा मात्र राहिला, कारण क्रांती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली.

“आत्ती, वर जायचं न्हाई.”

“अगं, एकडाव हात लावते की. सरावलेला हात हाय माझा.”

“तुम्हाला ताप हाय. नाक गळतंय.”

“माझ्या नाकाचं काय करतीस? म्या अंगठा घालणार हाय, नाक न्हवं.”

हसू येण्यासारखंच होतं. क्रांती हसली नाही. आण्णा खुर्चीतून ओरडले, “दोन बुकं शिकली तर म्हातारीला जिना अडवाय लागली! थोरल्यांचा हात लागल्याबिगर पोर धडपणी वाढतंय व्हय?”

ते बोलता बोलता टॉवेलात शिंकले. ताप आत्तीला दिला होता तो त्यांनीच. आधी ते चार दिवस शिंकत हिंडले, मग तांब्या, मग आत्ती. हे क्रांतीनं तोंडावर सांगितलं तर म्हणाले, हवा बदलली हाय.

आत्ती वर गेली नाही. खाली मधल्या खोलीत पडून राहिली आणि नवव्या दिवशी गेली. जायच्या आदल्या दिवशी क्रांती तिला पेज पाजत होती. आत्तीनं तिचं मनगट धरलं आणि जिन्याकडं बघत म्हणाली, “एकडाव.” बाकी काही नाही.

“वय झालतं,” लोक म्हणाले. वय झालं की माणसाला मारलं तरी चालतं, असं या लोकांचं गणित. क्रांतीनं ते ऐकून घेतलं. आपण अडवलं ते बरोबरच होतं, हे तिनं स्वतःला दिवसातून दहादा सांगितलं. अकराव्यांदाही सांगावं लागत होतं, याचा तिला राग येत होता.

३

जिथं जीव गेला तिथं त्या संध्याकाळी सरूकाकीनं फरशी पुसली, पीठ पसरलं, दक्षिणेला वात करून दिवा ठेवला आणि वर वेताची पाटी झाकली. सकाळी पाटी उचलून पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे मेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. आवडत्या माणसाला नेहमी गाईचं खूर मिळतं आणि नावडत्या सुनेला कुत्र्याचा पंजा, हे क्रांतीनं लहानपणापासून बघितलं होतं.

सकाळी सगळे वाकले.

“गाय,” आण्णा लगेच म्हणाले.

“मला पाखरू वाटतंय,” उदयसिंह पुटपुटले.

क्रांतीला पायच दिसेना. पिठात एक तळवा दाबलेला होता. चार बोटं पसरलेली, तळव्याचा मागचा भाग खोल रुतलेला. म्हातारं माणूस जमिनीवरून उठताना एक हात टेकवून, सगळा भार त्यावर देऊन उठतं, तसा. आणि कडेचं बोट बाहेर वळलेलं.

उंदीर हिंडला असेल. पाटी ठेवताना काकीचाच हात लागला असेल. ती काकीचे हात बघायला गेली आणि थबकली. काकीच्या नखांत पीठ होतं, पण ते फार पांढरं होतं.

“काकी, हे पीठ कुठलं घेतलंस?”

“तांदळाचं. खालच्या फळीवरची बरणी, कॉफीची.”

“ती माझी बरणी हाय!”

“तुझी कसली? सैपाकघरात हुती की.”

सैपाकघरात होती, कारण क्रांतीचं कपाट पावण्यांच्या गाद्यांना दिलं होतं. या घरात तिच्या वस्तूला एक बोट जागा नव्हती. पिठाच्या डब्यांमागं बरणी लपवायची वेळ तिच्यावर आली आणि या बाईनं मेलेल्या माणसाच्या दिव्याखाली ती ओतली.

“अर्धी बरणी सांडलीस! अन् काल संध्याकाळपासनं हेच हात घेऊन घरभर हिंडलीस?”

“मग काय हात तोडून ठिवू? वराड काय वराडतीस सुतकात?”

क्रांती आणखी ओरडणार होती. मग तिच्या मनात आलं, बरं झालं. आता दाखवतेच.

४

दुपारी तिनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले, सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि टॉर्च लावली.

तांब्याचा काठ चमकला. पंख्याचं बटण चमकलं. पेपरच्या पानांचे कोपरे, आठच्या आठ. उदयसिंहांच्या मोबाइलची पाठ. काकीची मंगळसूत्र नसलेली मान, जिथं ती घाम पुसायची. शेवटी आण्णा. त्यांचा अंगठा हिरवागार होता, ओठ हिरवे होते, आणि पांढऱ्या मिशांची टोकं काजव्यासारखी पेटली होती.

“बघितलं? काकीच्या हातावरचं तुमच्या जिभेवर गेलं. एका दिवसात. असाच ताप गेला आत्तीकडं. ही पावडर दिसती म्हणून कळलं, जंतू दिसत न्हाईत एवढाच फरक.”

काकी पदरानं मान पुसत राहिली.

“आता हे बघा.” क्रांतीनं टॉर्च मोरीवरच्या खिळ्याकडं नेली. तिथं एक कप उलटा टांगलेला होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. कोडोलीचा प्रसेनजीत, तिचा वर्गमित्र, वर्षातून दोनदा यायचा. त्याला चहा त्याच कपात द्यायचा आणि नंतर कप वेगळा विसळून खिळ्याला लावायचा, हा आत्तीचा आणि आण्णांचा नियम. कारण कुणी तोंडानं सांगायचं नाही, सगळ्यांना माहीत होतं. प्रसेनजीतलाही.

त्या कपावर एक ठिपका नव्हता.

“सगळ्या घरात एवढी एकच वस्तू स्वच्छ हाय,” क्रांती म्हणाली. “जिचा तुम्ही विटाळ धरला ती.”

आण्णा उठले, मिशी पुसली, पडदा ओढून उजेड केला. “जत्रंत असले खेळ पाच मिंटं चालत्यात,” ते म्हणाले. “चा ठेव.”

रात्रीपर्यंत क्रांतीनं एकटीनं घर धुतलं. बटणं, कड्या, नळ, रिमोट, जिन्याचा लोखंडी कठडा, सगळं ब्लीचिंगच्या पाण्यानं. हात सोलवटले. मधल्या खोलीतलं पीठ तिनं ओल्या फडक्यानं टिपून घेतलं. तो तळवा पुसताना तिला उगाच वाटलं की आपण कुणाचा तरी हात पुसतोय.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा खिडक्या लावून तपासलं. खालचं घर स्वच्छ होतं. आण्णांची मिशी सोडून.

जिना स्वच्छ नव्हता.

कठड्यावर नाही, कठड्याला तर सगळेच धरतात. डाग समोरच्या भिंतीवर होते, कमरेच्याही खाली. तळवा आणि चार बोटं. दुसऱ्या पायरीवर एक. चौथीवर एक. सहावीवर एक. पुढं काही नाही. तिथं थांबलेले. एका बाजूला कठडा असताना भिंतीला हात टेकत, एवढं वाकून कोण चढतं? तिनं टॉर्च जवळ नेली. तिन्ही ठिकाणी कडेचं बोट बाहेर वळलेलं.

तिनं प्रसेनजीतला फोन लावला. तो आता शेवटच्या वर्षाला होता.

“काकीनं टेकला असणार हात,” तो म्हणाला.

“काकीची करंगळी सरळ हाय.”

“मग घसरला असंल. घसरला की बोट लांबतंय, वाकडं दिसतंय. क्रांते, खुळ्यागत करू नको. कालचं फडकं कुठल्या बादलीत बुडवलंस?”

“जिना पुसायच्याच.”

“झालं की मग! तूच पसरवलीस. पयल्या तासाला काय सांगितलं हुतं? पुसणाराच लई पसरवतो.”

तिला बरं वाटलं. मग राग आला, कारण तो बरोबर असण्याची शक्यता होती.

“अन् कप कसा हाय माझा?” त्यानं विचारलं.

“तुझाच कप तेवढा स्वच्छ निघाला.”

तो जोरात हसला. “म्हाताऱ्याला सांग, आता बाकीच्यांनी त्यातनं प्या.”

तिनं भिंतीवरचे तिन्ही डाग नव्या फडक्यानं, नव्या पाण्यानं पुसले. पुसल्यावर टॉर्च मारून खात्री केली. मग पहिल्या पायरीवर पाट टाकून बसली. मागच्या बाजूला बंद भिंत, पुढं ती. वर जायला दुसरा रस्ता नाही. काकी मधनंच येऊन म्हणाली, “म्हशीगत वाटंत बसलीयास कशाला?” आणि गेली. आण्णा घोरत होते. तीन तासांत एक माणूस वर गेलं नाही.

चार वाजता ती स्वतः गेली. बाळाला अंगावरचं ओढायची ताकद नव्हती. आईचं दूध वाटीत काढून चमच्यानं पाजावं लागायचं, दर तीन तासांनी. स्वप्नालीला उठवलं, हात कोपरापर्यंत धुतले, पाजलं. बाळाची जांभई नखाएवढी होती. वीस मिनिटांनी खाली उतरताना तिनं सवयीनं टॉर्च लावली.

आठवी पायरी. दहावी. बारावी. आणि शेवटचा, दाराच्या चौकटीवर, कडीच्या बाजूला. बोटं आतल्या अंगाला वळलेली.

क्रांती तिथंच उभी राहिली. खालून कुणी आलं नव्हतं. वर कुणी नव्हतं. या जिन्यावरनं आज एकच माणूस चढलं होतं.

तिनं टॉर्च आपल्या हातांवर मारली. पुढून, मागून, नखांत. हात स्वच्छ होते.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी पंचगंगेवर राख सावडायला गेली आणि येताना कोडोलीकडची पावणी संगं घेऊन आली. मधल्या खोलीत सतरंज्या पडल्या. रडून झालं, नाकं पुसून झाली, त्याच हातांनी तांब्या फिरला. त्यातली एक जाडजूड म्हातारी खोकत म्हणाली, “बयाबाईचा जीव ज्यात अडकला ते पोर दावा की आमास्नी.”

“व्हय की,” काकी म्हणाली. “आज म्हैना पुरा हुतोय. आत्तीचं ऱ्हायलं, तर तुमीच टाळा उचला. थोरल्या हायसा.”

क्रांती जिन्याच्या तोंडाशी होती. रात्रभर झोपली नव्हती. रात्री ती वर गेलीच नव्हती. स्वप्नालीला फोनवर सांगितलं होतं की मला कणकण वाटतीय, आजची रात तू एकटी बघ.

“कुणी वर जायचं न्हाई.”

“आली बघा डाक्टरीण,” आण्णा पावण्यांना म्हणाले. “लई खुळं झालंय हे पोर. शाळा सोडल्यापास्नं भिंतींवर बॅटरी मारत हिंडतंय.”

“सोडली न्हवती. सोडवली.”

“क्रांते!” उदयसिंह म्हणाले. दोन दिवसांतला त्यांचा पहिला शब्द. तोही भिंतीकडं बघून.

“पप्पा, तुमच्याच नातवंडाच्या तोंडात खोकणाऱ्या बाईचा अंगठा जाणार हाय. भिंतीला विचारून सांगा, चालंल का.”

पावण्यांत कुणीतरी ‘अगं बया’ म्हणालं. आण्णा उठले. एके काळी कुस्तीला लाल मातीत उतरलेला माणूस, अजून खांदे शाबूत होते. ते जिन्याकडं येताना बघून क्रांती वळली आणि धावत वर गेली. एकेक पायरी सोडून. भिंतीकडं न बघता.

दारापाशी पोचली तेव्हा उजव्या खांद्याला ओढ लागली. जड काही नव्हतं. कॉलेजात म्हाताऱ्या पेशंटना चालवताना त्या खांद्याला धरत, चढ लागला की भार टाकत, तेवढीच ओढ.

जिन्याच्या वरच्या टोकाला खिडकी नव्हती. दुपारचे दोन वाजले होते तरी अंधारच होता. तिनं टॉर्च काढली आणि मान वळवून खांद्यावर धरली.

मागून पुढं आलेली चार बोटं गळ्याच्या हाडावर टेकली होती. तिनं सकाळी अंघोळ केली होती. कुडता धुतलेला होता. तिनं गळा ओढून आत बघितलं. कातडीवरही होती.

पुसणाराच पसरवतो. पुसताना खांदा भिंतीला लागला असेल. पीठ टिपताना केसांतून आलं असेल. तिनं तळहात घासला, थुंकी लावून घासला. बोटं तशीच राहिली. आणि ती बघत असतानाच, दम खाऊन झाल्यावर माणूस पकड बदलतं तशी, एकेक करून थोडी पुढं सरकली.

आता तिला कळलं. जिन्यावर कुणी चढलं नव्हतं, हे खरंच होतं. तिनं सगळ्या घराला अडवलं आणि जिला अडवायचं तिला सहा सहा पायऱ्यांनी स्वतःच वर आणलं.

दार आतून उघडलं. स्वप्नाली उभी होती, केस सुटलेले, डोळे तारवटलेले. मागं पाळण्यात बाळ रडत होतं. बारीक, किरकिरं, दार करकरल्यासारखं.

“कुठं हुतीस गं? रातभर एकटी हाय मी. रडायचं थांबतच न्हाई. खाली कसला गोंधळ चाललाय?”

“ताई, पुढं येऊ नको. ऐक. दोन दिवस तूच पाज, मी आत येणार न्हाई. माझ्याजवळ... मला लागण झालीय. खालचे येतील, आण्णा येतील, कुणालाही उघडायचं न्हाई. मी जरी म्हणाले तरी उघडायचं न्हाई. शपथ घे.”

“मला जमायचं न्हाई क्रांते,” असं म्हणत स्वप्नाली रडायलाच लागली, आणि क्रांतीला मागं सरायला जागा मिळायच्या आत तिनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकलं. उजव्याच.

“सोड! सोड म्हणते ना!” क्रांतीनं तिला अक्षरशः ढकललं. दार ओढून घेतलं. “कडी लाव. खालचीपण. लाव!”

आतून एक कडी वाजली. मग दुसरी.

७

आण्णा जिन्याच्या मध्यापर्यंत आले होते. मागं काकी, तिच्या मागं ती खोकणारी म्हातारी. क्रांती दाराला पाठ लावून बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, कशालाही न लागतील असे. तिच्या मनात आलं, आता इथनं हलायचं नाही. जे आहे ते आपल्या अंगावर आहे आणि आपण दाराबाहेर आहोत. बाळ आत सुरक्षित आहे. एकदा तरी या घरात आपण जिंकलो.

तिनं टॉर्च लावून खांदा बघितला.

काही नव्हतं. कुडता कोरा होता. गळ्याचं हाड कोरं होतं. तिनं टॉर्च हलवली, बटण बंद करून पुन्हा लावलं. दुसरा खांदा बघितला, मान, छाती. कुठं एक ठिपका नाही. प्रसेनजीतच्या कपासारखी ती स्वच्छ होती.

“क्रांते,” आतून स्वप्नाली म्हणाली. आवाज दमलेला, जरा वैतागलेला. “लावल्या गं दोन्ही कड्या. आता हात काढ की.”

“कुठला हात?”

“खांद्यावरचा. जड लागतोय.”

क्रांती उठली. दारावर तिनं दोन्ही तळहात आपटले. “ताई, दार उघड! उघड लगेच! बाळाला घे न् बाहेर ये... न्हाई, बाळाला हात लावू नको! तू एकटी बाहेर ये!”

“तूच म्हणलीस न्हवं, तू म्हणालीस तरी उघडायचं न्हाई?”

“उघड गं, पाया पडते तुझ्या!”

आत पावलं पाळण्याकडं गेली. सावकाश. स्वप्नाली एवढं सावकाश चालत नसे.

क्रांती वळली. जिन्यात आण्णा एक हात कठड्याला धरून उभे होते. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं मदत मागितली. “आण्णा, दार मोडा. तुमचा खांदा लावा. पप्पांना बोलवा. काय बी करा, पण मोडा.”

आण्णांनी तिच्याकडं नीट बघितलं. घामानं भिजलेली, हातात टॉर्च, दिवसाढवळ्या आपल्याच बहिणीच्या दारावर थापा मारणारी. मग ते काकीकडं वळले.

“चला खाली,” ते म्हणाले. “पोराला कुणी हात लावायचा न्हाई म्हणून हिनंच तीन दिवस घर डोक्यावर घेतलंय. आता न्हाई लावत आमी हात. ऱ्हाऊ दे तिच्या मनासारखं.”

ते खरंच उतरायला लागले. एकेक पायरी, पावण्यांना वाट दाखवत.

क्रांतीनं दाराला लाथ घातली. कडी हलली, पण निघाली नाही. तिनं पुन्हा घातली. तिसऱ्या लाथेला तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपलाच आवाज तेवढा ऐकू येतोय. कालपासून रडणारं बाळ गप्प झालं होतं. एकदम, मधनंच. तोंडात काहीतरी दिल्यासारखं.

“हळू गं,” आतून कुणीतरी म्हणालं.